आरतीच्या वेळी कॅमेऱ्याची परीक्षा

कॅमेऱ्याच्या दुकानात कुठलाही कॅमेरा वाईट दिसत नाही. छताला लखलखीत दिवे, काउंटरवर आणखी दिवे, चित्रीकरणासाठी समोर हसतमुख विक्रेता, आणि चित्र बघायचं ते कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या तीन इंची पडद्यावर. अशा ठिकाणी साधा फोन आणि लाखाचा कॅमेरा यांतला फरक सांगणं कठीणच. मग खोक्यावरचे आकडे वाचून दाखवले जातात आणि ज्याचा आकडा मोठा त्याचं बिल फाडलं जातं. खरी परीक्षा भाद्रपदात होते, घरच्या गणपतीच्या संध्याकाळच्या आरतीला.

आरतीइतकं अवघड चित्रीकरण घरात दुसरं नसेल. खोली दहा बाय बाराची आणि माणसं पंधरा. मखराला स्वस्तातल्या एलईडी माळा, आणि शोभा यावी म्हणून कुणीतरी मोठी ट्यूब मालवलेली. तबकातली निरांजनं हलताहेत, धुपाचा धूर तरंगतोय, झांजा कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर वाजताहेत, आणि मंत्रपुष्पांजली होईपर्यंत थांबायची सोय नाही. इथे कॅमेरा हरतो तो अंधाराला, झांजांना आणि लांबत गेलेल्या वेळेला. पिक्सेल कमी पडले म्हणून घरचं चित्रीकरण वाया गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

तरी पिक्सेलचा हिशेब एकदाच करून टाकू. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ठिपके असतात. फोर-केमध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. ४३ इंची टीव्हीची रुंदी साधारण ९५ सेंटिमीटर. त्यावर फुल एचडीचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा होतो. निकोप डोळ्याला एवढा ठिपका पावणेदोन मीटरच्या पलीकडून वेगळा दिसत नाही. सोफा आणि टीव्ही यांच्यात बहुतेक घरांत त्याहून जास्त अंतर असतं. फोर-के घेऊ नये असं नाही. नंतर चित्रातला एखादा भाग कापून मोठा करायचा असेल तर ते कामी येतं, आणि आता बहुतेक कॅमेऱ्यांत ते असतंच. पण निवड त्यावर करायची नाही.

निवड सुरू होते सेन्सरपासून. प्रकाश झेलणारी ही चिप जितकी मोठी, तितका कमी उजेडात चित्रात दाणा कमी. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. सोनी, फुजीच्या हौशी मिररलेस कॅमेऱ्यांतला एपीएस-सी सेन्सर सुमारे ३७० चौरस मिलिमीटर. ज्याला ‘एक इंची’ म्हणतात तो ११६. चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर साधारण ७०. आणि हँडीकॅमचा? सोनीच्या एएक्स५३ या फोर-के हँडीकॅममध्ये १/२.५ इंची सेन्सर आहे, म्हणजे जेमतेम २५ चौरस मिलिमीटर. हातात घ्यायला दणकट, पट्टा लावून मिरवायला झकास, पण मंद उजेडात खिशातला महागडा फोन त्याच्यावर सहज मात करतो. हँडीकॅमचं खरं बळ वेगळीकडे आहे, त्याकडे पुढे येऊ.

सेन्सरइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, भिंगाचं महत्त्व. मिररलेस कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स बहुधा एफ ३.५ ते ५.६ असते; हा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. त्याच बॉडीवर सिग्माची १६ मिलिमीटर, एफ १.४ लेन्स लावली की एफ ३.५ च्या तुलनेत सहापट प्रकाश आत येतो. एपीएस-सीवरून फुल फ्रेमवर उडी मारून जो फायदा होतो तो साधारण सव्वादोनपट, आणि खर्च कितीतरी जास्त. हातात लाखभर रुपये असतील तर त्यांतले निम्म्याहून अधिक बॉडीवर घालू नयेत असं माझं मत आहे. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते. चांगली लेन्स पुढच्या बॉडीवरही चालते.

लहान खोलीत आणखी एक फास बसतो, तो क्रॉपचा. मखरापासून तीन मीटरवर पाठ भिंतीला टेकवून उभं राहिलं आणि लेन्स फुल फ्रेमच्या हिशेबात २४ मिलिमीटरची असली, तर चौकटीत साडेचार मीटर रुंदी मावते. म्हणजे मखर आणि दोन्ही बाजूंची माणसं. पण काही कॅमेरे फोर-के चित्रीकरण करताना सेन्सरचा फक्त मधला भाग वापरतात. कॅननच्या एम५०ची या बाबतीत बरीच बदनामी झाली होती. शिवाय हात हलल्याचे धक्के लपवण्यासाठी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन चालू केलं की कडा आणखी कापल्या जातात. सोनीच्या झेडव्ही-ई१०मध्ये ‘अॅक्टिव्ह’ मोड चालू केल्यावर दृश्य जवळजवळ दीडपट जवळ येतं. साडेचार मीटरचे तीन मीटर होतात आणि काका-काकू चौकटीबाहेर जातात. म्हणून दुकानात फोर-के आणि स्टॅबिलायझेशन दोन्ही चालू करून भिंतीला टेकून बघावं. किती मावतं ते तिथेच कळतं.

आता ती एलईडी माळ. आपल्याकडे घरात येणारी वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे साधी ट्यूब किंवा स्वस्तातला दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्याला ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं. कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंद उघडं राहिलं तर प्रत्येक चित्रात प्रकाशाचे बरोबर दोन ठोके सापडतात. १/१०० ला एक. १/६० ठेवलं की हिशेब जुळत नाही, एका चित्रात जास्त प्रकाश आणि पुढच्यात कमी, आणि चित्रावरून काळसर पट्टे सरकू लागतात. बहुतेक फोन आणि बरेच कॅमेरे सेकंदाला ३० चित्रं घेतात, कारण अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे आणि मूळ मापं तिकडची. भारतात २५ किंवा ५० फ्रेम्स आणि शटर १/५० हे समीकरण बसतं. फ्रेमरेट ३० ठेवून शटर तेवढं १/५० करता आलं तरी भागतं. माळ फारच स्वस्त असेल तर ती विजेच्या अर्ध्या लाटेवरच पेटते, म्हणजे सेकंदाला ५० वेळा. तिच्यापुढे १/१०० सुद्धा फसतं, १/५० च हवं. मुद्दाम लुकलुकणाऱ्या माळेवर मात्र इलाज नाही, ती स्थिर ठेवायची कळ शोधावी.

आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या कॅमेऱ्यात, ‘रेकॉर्ड व्हिडिओ’खाली, ‘शो पॅल फॉरमॅट्स’ नावाचं बटण आहे. ते चालू केलं की २५ फ्रेम्सचा पर्याय दिसायला लागतो. इतर फोनांवर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अॅप चालत असेल तर त्यातही फ्रेमरेट आणि शटर हाताने ठरवता येतं. कॅमेरा घेताना मेन्यूत ‘पॅल’ (५० हर्ट्झचं माप) आणि ‘एनटीएससी’ (६० हर्ट्झचं) यांत अदलाबदल करता येते का, हे जरूर विचारावं. न्यू जर्सीहून येणारा भाचा हँडीकॅम आणतो म्हणाला तर विशेषच. अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत ही अदलाबदल होते, हँडीकॅम मात्र बहुधा ज्या देशात विकला त्याच देशाच्या मापाला बांधलेला असतो. तिकडची वॉरंटी इकडे चालेलच असंही नाही.

आरती ऐन रंगात असताना कॅमेरा स्वतःच्या मनाने काही उद्योग करत असतो. तबक समोरून गेलं की ज्योतीचा उजेड बघून तो सगळं चित्र काळवंडवतो, तबक बाजूला गेलं की पुन्हा उजळवतो. एलईडीचा पांढरा आणि निरांजनाचा पिवळा यांत गोंधळून रंग बदलत राहतो. ‘घालीन लोटांगण’ला सगळे स्वतःभोवती फिरू लागले की फोकस कुणाच्या पाठीवर, कधी धुरावर. पहिल्या दोन गोष्टींवर उपाय सोपा आहे : एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स आरती सुरू होण्यापूर्वी गणपतीच्या चेहऱ्यावर ठरवून लॉक करून टाकायचे. फोनवर बोट दाबून धरलं तरी एक्स्पोजर लॉक होतं. फोकसचं मात्र यंत्रावर अवलंबून आहे. जुन्या पद्धतीचा, फक्त कॉन्ट्रास्ट मोजणारा ऑटोफोकस भिंग पुढेमागे करून अंदाज घेतो, आणि ते पुढेमागे होणं चित्रात उमटतं. फेज डिटेक्शन असलेल्या कॅमेऱ्याला कुठल्या दिशेने किती सरकायचं हे आधीच कळतं. पॅनासॉनिकचे कॅमेरे व्हिडिओसाठी नावाजलेले, पण फेज डिटेक्शन त्यांनी २०२३ मध्ये एस५-टूपासून घेतलं. त्याआधीचं मॉडेल सेकंडहँड स्वस्तात मिळत असेल, तर स्वस्त का आहे त्याचं हे एक कारण.

आवाजाबद्दल दुकानात कुणीच विचारत नाही. आणि घरी गेल्यावर सगळ्यात जास्त खटकतो तोच. थरथरलेलं, थोडं अंधुक चित्र माणूस बघतो. फाटलेला आवाज दोन मिनिटांत बंद करतो. कॅमेऱ्यातला माइक स्वयंचलित पातळीवर असतो. झांज वाजली की तो घाबरून सगळंच खाली दाबतो, त्यात गाणारे बुडतात. आरती संपून शांतता झाली की तो पातळी वर ओढतो आणि पंख्याची घरघर ऐकू येऊ लागते. म्हणून कॅमेऱ्यात आवाजाची पातळी हाताने ठरवता यायला हवी, आणि ३.५ मिलिमीटरचं माइकचं भोक, निदान बाहेरचा माइक जोडायची सोय हवी. एवढं नसेल तर बाकी सगळं असूनही तो कॅमेरा मी घरच्या चित्रीकरणासाठी घेणार नाही. पातळी अशी ठेवायची की सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. झांजांपुढे त्याहूनही खाली.

माइक किती भारी यापेक्षा तो कुठे आहे याने जास्त फरक पडतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. चार मीटरवरचा माइक अर्ध्या मीटरवर आणला की १८ डेसिबल परत मिळतात, आणि खोलीचा घुमारा मागे पडतो. आरतीत तर उलटी युक्ती करावी लागते, झांजांपासून लांब, गाणाऱ्यांच्या बाजूला माइक. दुसरा फोन रेकॉर्डिंग चालू करून कपाटावर ठेवला तरी चालतं. सुरुवातीला एक टाळी वाजवून घ्यायची. नंतर संगणकावर दोन्ही आवाज त्या टाळीवर जुळवता येतात. हल्ली कॉलरला लावायचे छोटे बिनतारी माइक सहज मिळतात, त्यांतले काही ३२-बिट फ्लोटमध्ये ध्वनिमुद्रण करतात. त्यात पातळी चुकली तरी नंतर सुधारता येते, माइकच गुदमरला नसेल तर.

आवाजानंतर प्रश्न लांबत गेलेल्या वेळेचा. अमोल गुप्ते यांचा ‘स्टॅनले का डब्बा’ हा २०११ मधला चित्रपट कॅनन ७डी या स्टिल कॅमेऱ्यावर चित्रित झाला, छायाचित्रण अमोल गोळे यांचं. एपीएस-सी सेन्सर, फुल एचडी चित्र, आणि एका दमात साधारण बाराच मिनिटं चालणारं चित्रीकरण, कारण फाइल ४ जीबीची झाली की कॅमेरा थांबायचा. सिनेमावाल्यांना ते चालतं. त्यांचे शॉट मिनिटा-दोन मिनिटांचे असतात. घरी गाण्याची बैठक टिपताना मात्र बडा ख्याल अजून विलंबितात आहे आणि कॅमेरा थांबला, असं होतं. पुढच्या पिढीतले स्टिल कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांवर थांबत. त्याचं कारण तांत्रिक कमी आणि जकातीचं जास्त होतं. सलग अर्धा तास चित्रीकरण करणाऱ्या यंत्राला युरोपीय संघ व्हिडिओ कॅमेरा मानून जादा आयात शुल्क लावी, म्हणून कंपन्या एक सेकंद आधी थांबत. आता ती मर्यादा बऱ्याच नव्या मॉडेलांतून गेली आहे, पण जुना कॅमेरा घेताना ती तपासायलाच हवी.

त्या मर्यादेच्या जागी उष्णता आली. छोट्या बॉडीत फोर-के चित्रीकरण सलग चाललं की कॅमेरा तापतो आणि स्वतःला वाचवायला बंद होतो. अकोला-नागपूरकडच्या मे महिन्यातल्या मुंजीत हे हमखास. सोनीच्या कॅमेऱ्यांत ‘ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर’ नावाची सेटिंग ‘हाय’वर ठेवली की तो थोडं जास्त सोसतो. पडदा बॉडीपासून उघडून ठेवला की मागची बाजू मोकळी होते. आणि ज्या कार्यक्रमाला फुल एचडी पुरतं तिथे फुल एचडी. बॅटरीचंही तेच, छोट्या बॅटऱ्या तास-दीड तासात संपतात. यूएसबी-सीमधून वीज घेत चित्रीकरण चालू राहतं का, हे विचारावं. राहत असेल तर पॉवर बँकेवर बैठक पार पडते.

कॅमेरा कुठला, हे शेवटी घरात काय टिपायचंय यावर येतं. आरती, डोहाळेजेवण, केळवण, बारसं, असं चार भिंतींतलं असेल, तर एपीएस-सी मिररलेस, रुंद आणि उजळ लेन्स, आणि एक बरा माइक. झेडव्ही-ई१० किंवा कॅननचा आर५० या जातीतले. दोन्हींच्या बॉडीत सेन्सर स्टॅबिलायझेशन नाही, त्यामुळे ट्रायपॉड किंवा स्थिर हात हवा. हिंडत-फिरत टिपायचं असेल, घरात रांगणारं मूल असेल, तर डीजेआयचा ऑस्मो पॉकेट ३ मला जास्त पटतो : एक इंची सेन्सर, एफ २ लेन्स, २० मिलिमीटरइतकी रुंदी, आणि कॅमेरा छोट्या गिंबलवर, त्यामुळे कडा न कापता धक्के शोषले जातात. झूम मात्र नाममात्र. वॉरंटी कोण देणार ते लिहून घ्यावं.

शाळेचं स्नेहसंमेलन मात्र वेगळं गणित आहे. पालकांच्या रांगेतून रंगमंच २५ मीटरवर. फोनची पाचपट झूमची लेन्स साधारण १२० मिलिमीटरची, तिच्या चौकटीत साडेसात मीटर मावतात. त्यात तुमचा मावळा कुठला ते शोधावं लागतं. ५०० मिलिमीटरला चौकट १.८ मीटर रुंद होते, मावळा चौकट भरून. इथे हँडीकॅम जिंकतो. रंगमंचावर उजेड भरपूर, त्यामुळे छोटा सेन्सर चालून जातो. छोट्या सेन्सरमुळेच वीसपट ऑप्टिकल झूम हातात मावतं, आणि सलग तास-दोन तास तो कुरकुर करत नाही. हँडीकॅमचा बाजार आता आटला आहे. पर्याय म्हणून एक इंची सेन्सरचे लांब झूमवाले कॅमेरे बघावेत. सोनी आरएक्स१०-फोर २४ ते ६०० मिलिमीटर, पॅनासॉनिक एफझेड१००० २५ ते ४००. मात्र त्या २९ मिनिटांच्या मर्यादेची चौकशी आधी करावी.

आणि आजीच्या आठवणी टिपायच्या असतील तर नवा कॅमेरा घेऊच नये. असलेला फोन ट्रायपॉडवर, आजी खिडकीकडे तोंड करून, माइक तिच्या पदराला, पंखा बंद, आणि फोन एरोप्लेन मोडवर. मधेच कुणाचा फोन आला तर चित्रीकरण तुटतं, आणि आजी तीच गोष्ट दुसऱ्यांदा तशी सांगत नाही. ट्रायपॉडला कमी लेखू नये. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये विल्यमसन कॅमेरा मागवल्यावर सुरुवातीला घरीच काय टिपलं, तर कुंडीतल्या वाटाण्याची वाढ. महिन्याहून जास्त काळ, एकेक चौकट करत. त्यात कॅमेरा जागचा हलला असता तर चित्रपटासाठी भांडवल देणाऱ्याला दाखवायला काही उरलं नसतं.

कार्डाबद्दल थोडक्यात. १०० मेगाबिटने फोर-के चित्रीकरण म्हणजे तासाला ४५ जीबी. १२८ जीबीच्या कार्डात पावणेतीन तास. या वेगाला व्ही३० लिहिलेलं कार्ड पुरतं, कारण सेकंदाला ३० मेगाबाइट लिहिण्याची त्याची हमी असते आणि लागतात साडेबारा. व्ही९०वर दामदुप्पट खर्च करायचं कारण नाही. नकली कार्डं मात्र सर्रास विकली जातात, म्हणून नवं कार्ड एकदा पूर्ण भरून, फाइली उघडून बघाव्यात. टेन-बिट, लॉग वगैरे शब्दांनी भुलू नये. लॉगमध्ये चित्र मुद्दाम फिकं टिपलं जातं आणि नंतर बसून रंग भरावे लागतात. आरतीनंतर ते कोण करणार? जुन्या लॅपटॉपवर टेन-बिटच्या फाइली अडखळतातही.

बजेट कमी असेल तर सेकंडहँड बाजाराकडे नाक मुरडू नये, पण कोकणात, मुंबईत वापरलेल्या लेन्समध्ये बुरशी असण्याची शक्यता धरून चालावं. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारायचा आणि दुसऱ्या बाजूने तिरपं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसले तर लेन्स परत करायची, किंमत कितीही पाडली तरी. धुळीचे दोन-चार कण चालतात. मग स्वतःचं कार्ड घालून अर्धा तास सलग चित्रीकरण चालू ठेवायचं, तेवढ्यात विकणाऱ्याशी चहा होतो. माइकच्या भोकात माइक लावून, तो किंचित हलवून खरखर येते का ते ऐकायचं. जास्त वापराने तेच भोक आधी सैल होतं. जुनं बिल मालकाच्या नावाचं असलं तरी मागून घ्यावं. वॉरंटी संपलेली असेल, पण माल चोरीचा नाही एवढं तरी त्यातून कळतं.